आईच्या गुडघ्याची पावडर: तिसऱ्या दिवशी दुखणं पळालं आणि तिथेच आम्ही फसलो

आधी एक सांगते. तुमच्या घरात आत्ता कोणी गुडघेदुखीवर बिनालेबलची पावडर, पुड्या, गोळ्या असं काही घेत असेल आणि "काय गुण आलाय म्हणून सांगू" म्हणत असेल तर हे शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून झाल्यावर रागाच्या भरात ती पावडर लगेच बंद करू नका. का ते पुढे लिहिलंय.

माझी आई 63 वर्षांची. पाच-सहा वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त, आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं अगदी भिंतीला धरून. ऑर्थोच्या डॉक्टरांनी उभं करून एक्सरे काढला, म्हणाले गादी झिजलीय, पण वाटी बदलायची वेळ आलेली नाही, वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, दुखलं तर ही गोळी. आईला वाटलं यांनी काही औषधच दिलं नाही, आणि खरं सांगते मलाही तसंच वाटलं. डॉक्टरांनी हे सगळं चार मिनिटांत सांगितलं होतं, आणि नंतर भेटलेल्या पावडरवाल्याने आईचं पाऊण तास ऐकून घेतलं होतं, कुठे दुखतं, रात्री झोप लागते का, सून काम करू देते का, सगळं. आमचा विश्वास त्या पाऊण तासात बसला.

त्याच दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असताना शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांनीच सांगितलं की अहो मी वाटी बदलायला निघाले होते, आता बघा, मांडी घालून बसते, आणि त्या माणसाचा नंबर दिला. मनापासून सांगत होत्या, त्यांना त्यात काही मिळणार नव्हतं.

आम्ही गेलो. त्याने आईच्या हातात एक धातूचा दांडा दिला, वायर लॅपटॉपला जोडलेली, एका मिनिटात मोठा रंगीत रिपोर्ट बाहेर, त्यात गुडघ्याची गादी 38 टक्के, वंगण 22 टक्के, हाडातलं कॅल्शियम इतके टक्के. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलंच नाही की दांडा हातात आणि मोजलं काय तर गुडघ्याचं वंगण! वय, उंची, वजन त्याने आधीच टाईप करून घेतलं होतं. हाडांची घनता खरी मोजतात ती डेक्सा नावाच्या तपासणीत, त्यात तुम्हाला टेबलावर झोपवून कंबर आणि खुब्याचा कमी ताकदीचा एक्सरे घेतात, आणि रिपोर्टमध्ये टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली म्हणतात. मुठीत दांडा धरून असलं काही कळत नाही.

पावडर तपकिरी रंगाची, कागदाच्या पुड्यांमध्ये, सकाळी एक संध्याकाळी एक. वास जडीबुटीचा पण जिभेवर ठेवली की मागून एक वेगळाच कडूपणा यायचा. कागदावर नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही. विचारलं तर म्हणाला "ताई, घराण्याचा फॉर्म्युला आहे, छापला तर चोरतील." आणि दोन अटी घातल्या, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या आणि तीन महिने रक्त तपासायचं नाही, कारण "शरीर शुद्ध होत असतं, रिपोर्ट उलटेसुलटे येतात". ही दुसरी अट ऐकली तेव्हाच उठून यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी आई कठड्याला हात न लावता जिना उतरली. मी खाली उभी होते, ती शेवटच्या पायरीवर थांबून माझ्याकडे बघत होती आणि आम्ही दोघी रडलो. हे मुद्दाम लिहितेय कारण फसलेल्यांना लोक अडाणी समजतात, पण आमच्या डोळ्यांसमोर गुण आला होता हो, तो खोटा नव्हता. खोटं होतं ते त्या पुडीत काय आहे याबद्दलचं बोलणं.

मग भूक वाढली, चेहरा भरला, गाल गोल झाले, सगळे म्हणायला लागले तब्येत सुधारली. रात्री झोप येईना. हातावर जरा कुठे लागलं की जांभळे डाग. चौथ्या महिन्यात एका लग्नाला गावाला जाताना पुड्या घरी राहिल्या, आणि दोन दिवसांत आईची हालत अशी झाली की उठवेना, उलट्या, चक्कर, अंग मोडून आलेलं, गुडघे आधीपेक्षा दुप्पट. त्याला फोन केला तर शांतपणे म्हणाला "मावशी, विष बाहेर पडतंय, आता एकाच्या दोन पुड्या घ्या." घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत आई उठून बसली. म्हणजे आमचा विश्वास अजून पक्का! त्यापुढच्या पुड्यांसाठी आईने स्वतःच्या साठवलेल्या पैशातून सहा महिन्यांची रक्कम एकदम भरली.

सातव्या महिन्यात गादी उचलताना पाठीत कट् झालं. फक्त गादी, ती पण एका बाजूने. मणका दबून फ्रॅक्चर झाला होता.

या वेळचे डॉक्टर दुसरे होते. त्यांनी एक्सरे बघायच्या आधी आईचा हात हातात घेतला, कोपराखालची कातडी चिमटीत धरून सोडली, ते जांभळे डाग बघितले, चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली पावडर घेताय?" आम्ही पावडरबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी तळाला गेलेलं, साखर वाढलेली, जी आईला आधी कधीच नव्हती. पुडी तपासायला पाठवली, त्यात डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड आणि सोबत डायक्लोफिनॅक म्हणजे वेदनाशामक सापडलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं ते मला जमेल तसं सांगते. 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली, 1950 मध्ये त्यावर नोबेल मिळालं, आणि त्याच काळात त्याचे दुष्परिणामही दिसायला लागले. स्टेरॉइड वाईट औषध नाही, योग्य आजारात जीव वाचवतं, पण किती आणि किती दिवस ते मोजून द्यावं लागतं, साखर, बीपी, हाडं सगळ्यावर लक्ष ठेवून. ते हाड बनवणाऱ्या पेशींचं काम मंद करतं आणि हाडांचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही महिन्यांतच होतं. हाडं मजबूत करायची म्हणून जी पावडर आम्ही घेतली तिनेच आईचा मणका पोकळ केला. आणि गादी 1 टक्काही वाढली नव्हती, फक्त सूज दबली होती.

आता बंद का करू नका ते. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ज्या ग्रंथी ते शरीरात बनवतात त्या झोपी जातात. एकदम थांबवलं तर शरीराकडे स्वतःचं काही नसतं, बीपी पडतं, उलट्या होतात, जीवावर बेतू शकतं. गावाला गेल्यावर आईला झालं ते हेच, विषबीष काही बाहेर पडत नव्हतं. म्हणून उरलेल्या पुड्या पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ते मोजकी गोळी देऊन हळूहळू कमी करतात. आईचं हे कमी करणं अजून चालू आहे. आणि हे फक्त पुड्यांमध्येच होतं असं नाही, 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, सांधेदुखीच्या काही सप्लिमेंटबद्दल इशारे दिले होते, छान छापील बाटली, नैसर्गिक म्हणून विकलेली, आणि आत हेच दोन, डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक, लेबलवर नाव नाही.

कोणी विचारेल मग गुडघ्यासाठी करायचं काय. तेच, जे पहिल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत सांगितलं होतं. फिजिओने आईला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला शिकवलंय, पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं, मग सोडायचं, मणक्यामुळे सध्या एवढंच, आणि वाकून काहीही उचलायचं नाही. वजन 1 किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो, हे आधी कोणी असं सांगितलं असतं तर आईने मनावर घेतलं असतं असं मला वाटतं. दीड-दोन महिन्यांत फरक जाणवायला लागतो, तीन दिवसांत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केलीय, तपासणीचा रिपोर्ट जोडून. त्या पावडरवाल्याचा फोन आता बंद असतो.

मला सारखी आठवण येते ती दवाखान्यातल्या त्या बाईंची. त्यांचा चेहरा छान गोल, लालसर होता, मी मनात म्हटलं होतं काय तेज आहे या वयात. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं, नंबर घेतला तो पावडरवाल्याचा. त्या दवाखान्यात तीनदा जाऊन विचारून आले, कोणाला काही सांगता येत नाही. मांडी घालून बसते म्हणून सांगणाऱ्या, पन्नास-पंचावन्नच्या, गोल चेहऱ्याच्या कोणी ओळखीच्या असतील तर त्यांना हे वाचून दाखवा, आणि पुड्या बंद करायच्या आधी डॉक्टरकडे घेऊन जा.