सौरकुकर घरी करायचा, तर पेटी की तबकडी?

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत सरळ आहे: पेटी करा. प्लायवूडचा खोका, आत काळा रंग दिलेला पत्रा, मधल्या फटीत कोरडं भाताचं तूस ठासून भरलेलं. थर्माकोल नको, तापल्यावर तो आक्रसतो. वर दोन काचा, त्यांच्यात बोटभर अंतर, आणि झाकणाला आरसा. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच अशाच काचेच्या पेटीत पाण्याच्या उकळबिंदूच्या वर तापमान नेलं होतं. सगळा जीव झाकणाच्या रबरी पट्टीत असतो. ती नीट बसली नाही तर वाफ निसटते आणि दुपारी बारालाही डाळ बोटचेपी होत नाही. बसली, तर दहाला लावलेला वरणभात जेवायच्या वेळेला तयार. करपण्याची भीती जवळजवळ नाहीच, मधे ढवळावंही लागत नाही.

तबकडी म्हणजे चकचकीत पत्र्यांची उलटी छत्री. ऊन एका बिंदूवर गोळा होतं, म्हणून फोडणी, पोळ्या, तळण सगळं जमतं. पेटीत यातलं काहीच होत नाही. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी ती सूर्याकडे वळवावी लागते आणि वक्रता जराशी चुकली की उष्णता पसरून जाते. घरी तो आकार साधणं खरोखर कठीण. शिवाय त्या झळाळीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. काळा चष्मा लावा आणि काम झालं की तबकडीवर गोणपाट टाका. पोरं घरात असतील तर हे विसरून चालणारच नाही.