अर्ध्या मिलिमीटरचे ड्रिल आणि एक चांगले पुस्तक

२६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाने चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला, तेव्हा माझ्या कपाटात १:४८ प्रमाणातील मिग-२१ बिसच्या प्लास्टिक मॉडेलचे किट न उघडता दोन वर्षे पडून होते. ही विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत असत, त्यामुळे हे किट नुसते चिकटवून रंगवण्याऐवजी त्यावर बारकाईचे काम करावे असे मनात होते. त्या निमित्ताने गेल्या काही महिन्यांत जी अवजारे आणि पुस्तके घेतली, मागून आणली किंवा विचारपूर्वक टाळली, त्यांच्याविषयी येथे लिहीत आहे.

छंदात नवा आलेला माणूस आधी अवजारे घेतो आणि पुस्तकाकडे नंतर वळतो. मीही तेच केले, आणि आता क्रम चुकला असे वाटते. कोरणी कितीही धारदार असली, तरी रेघ कोठे कोरायची हे ती सांगत नाही. मिग-२१ च्या बाबतीत तर ही अडचण फारच जाणवते, कारण आपल्याकडे उडालेल्या एफएल, एम आणि बिस या प्रकारांत वरवर दिसणाऱ्या सारखेपणामागे अनेक फरक दडलेले आहेत. एफएलच्या नाकावरची, वेग मोजण्यासाठीची पिटॉट नळी वरच्या बाजूला मध्यरेषेवर असते, तर पुढच्या प्रकारांत ती उजवीकडे सरकलेली दिसते. एफएलचे काचेचे छत पुढच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे पुढे उचलले जाते, तर बिसचे उजवीकडे उघडते. हे ठाऊक नसताना छत उघडे दाखवण्याच्या उत्साहात एखाद्याने आठवडाभर कॉकपिट सजवले, तर ती सगळी मेहनत एका चुकीच्या बिजागरीपाशी येऊन फुकट जाते.

म्हणून पुस्तकांपासून सुरुवात करतो. या विषयावरची मार्गदर्शक पुस्तके ढोबळमानाने दोन जातींची असतात. काही पुस्तके मॉडेल कसे करावे ते शिकवतात, तर काही मूळ यंत्र कसे होते ते दाखवतात. पहिल्या जातीची पुस्तके दिसायला फार देखणी असतात. गुळगुळीत कागद, पानापानावर गंज, धूळ आणि तेलाचे ओघळ, आणि प्रत्येक ओघळासाठी वेगळी बाटली. रंग विकणाऱ्या कंपन्यांनीच काढलेली पुस्तके यात बरीच आहेत, आणि ती वाचताना आपण पुस्तक वाचतो आहोत की रंगांची यादी, असा प्रश्न अधूनमधून पडतो. तंत्र समजावण्यात ती कमी पडत नाहीत, परंतु एक घेतले की पुरते. दुसऱ्यात तेच टप्पे दुसऱ्या रणगाड्यावर दाखवलेले असतात.

याच जातीतले एक जुने पुस्तक मात्र वेगळे ठेवावे लागेल. शेपर्ड पेन या अमेरिकी कलावंताचे ‘हाउ टू बिल्ड डायोरामाज’ १९८० साली प्रथम निघाले. त्यातील छायाचित्रांवर आज काळाची छाया दिसते, पण आज सहज मिळणारे तयार धातूचे आणि रेझिनचे सुटे भाग फारसे नव्हते तेव्हाचे ते लिखाण असल्यामुळे हाताशी असलेल्या वस्तूंतून भाग कसा घडवावा हे त्यात अधिक नीट कळते. विमानाच्या पृष्ठभागावरील कामासाठी त्याचा थेट उपयोग नाही. मॉडेलभोवती प्रसंग उभा करायचा असेल, तर मात्र ते पुस्तक आजही हाताशी हवे.

माझ्या कामाला खरी आली ती दुसऱ्या जातीची पुस्तके. स्क्वॉड्रन-सिग्नल या अमेरिकी प्रकाशनाच्या ‘वॉक अराउंड’ मालिकेतील आडव्या आकाराची पातळ पुस्तके यात उत्तम. विमानाभोवती फिरून, त्याची झाकणे उघडून काढलेली छायाचित्रे, खाली दोन ओळींचे वर्णन, एवढाच मामला असतो. चाकांच्या कप्प्यातील नळ्या कोणत्या बाजूने वळतात, खुर्चीच्या पट्ट्या कोठे अडकतात, हे एका दृष्टिक्षेपात कळते. दोष दोन आहेत. पहिला म्हणजे ही पुस्तके नवी मिळणे अवघड झाले असून जुन्या प्रतींसाठी शोधाशोध करावी लागते. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. छापील रंगावर भिस्त ठेवता येत नाही. मिगच्या कॉकपिटचा तो प्रसिद्ध निळसर हिरवा रंग एकाच पुस्तकात एका पानावर मोरपंखी तर दुसऱ्या पानावर फिकट आकाशी दिसतो. आकारासाठी पुस्तक प्रमाण मानावे, रंगासाठी नव्हे.

पुस्तक नसेल तर संग्रहालय आहे. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एफएल उभे आहे, आणि आपल्यापैकी ज्यांना नौदलाची विमाने करायची आहेत त्यांना गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, आलिझे आणि सी हॅरियर जवळून पाहता येतात. परवानगी असेल तेथे फोटो काढताना चौकटीत सहा इंची पट्टी धरावी. घरी येऊन मापे काढताना तिचे महत्त्व कळते.

आता अवजारे. सर्वात जास्त विचार मी कोरणीवर केला, म्हणजे ज्याला सगळे स्क्रायबर म्हणतात त्यावर. विमानाच्या पत्र्यांमधील सांधे मॉडेलवर बारीक खोबणींनी दाखवलेले असतात, आणि दोन अर्धे भाग चिकटवून सांधा घासला की त्यातील निम्म्या पुसल्या जातात. त्या पुन्हा कोराव्या लागतात. नुसत्या सुईने कोरले तर प्लास्टिक दोन्ही कडांना वर येते. तामिया किंवा ओल्फा या जपानी कंपन्यांचे आकडीसारखे वळलेले पाते मागे ओढले की प्लास्टिकची बारीक साल निघते, कडा उठत नाहीत, मात्र खोबण इंग्रजी व्हीच्या आकाराची होते आणि हात जड पडला की रुंदावते. टंगस्टन कार्बाइडच्या चपट्या पटाशीसारख्या कोरण्या ठरावीक रुंदीच्या मिळतात, आणि निवड येथेच करायची असते. ०.१ मिमी रुंदीची खोबण १:४८ प्रमाणात खऱ्या विमानावरील ४.८ मिमी होते, ०.२ मिमीची ९.६ मिमी, आणि तीच १:७२ च्या मॉडेलवर १४.४ मिमी, म्हणजे विमानाच्या पत्र्यांमध्ये बोट नाही तरी पेन्सिल सहज बसेल. म्हणून १:४८ साठी ०.१ किंवा फार तर ०.१५ मिमीची एकच कोरणी घ्यावी. पाच रुंदींचा संच घेण्याचे काही कारण मला दिसले नाही. कार्बाइड ठिसूळ असते, टेबलावरून पडले की टोक गेलेच. रेघ सरळ येण्यासाठी नावपट्ट्या उमटवण्याच्या छोट्या यंत्रातील डायमो टेप चिकटवून तिच्या कडेने कोरावे. ती जाड असल्यामुळे पाते वर चढत नाही, आणि तिच्याइतकी सोपी पट्टी मला अजून मिळालेली नाही.

छिद्रांच्या बाबतीतही हाच हिशोब करावा. बिसच्या पोटाखालील जीएसएच-२३ तोफेच्या नळीचे तोंड २३ मिमीचे. १:४८ मध्ये ते ०.४८ मिमी आणि १:७२ मध्ये ०.३२ मिमी होते. बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायचे पिन व्हाइस आणि ०.३ व ०.५ मिमीची प्रत्येकी दोन-तीन ड्रिल घेतली की माझ्यासारख्याचे काम भागते. जादा ड्रिल घ्यायची ती मोडतात म्हणून.

सुटे भाग कापण्याच्या निपरवर पैसे खर्च करावेत. सुरुवातीला मी ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त संचातील निपरचे जबडे नीट जुळत नव्हते, त्यामुळे प्रत्येक काप प्लास्टिक चिरडून पांढरा डाग ठेवत असे. तामियाचे टोकदार साइड कटर या कामाला पुरेसे आहे. जपानच्या गॉडहँडचे एकाच बाजूला धार असलेले निपर कापते अप्रतिम, पण त्याचे पाते नाजूक असून किटचे भाग जिला जोडलेले येतात ती जाड चौकट किंवा पारदर्शक भाग कापण्यासाठी ते नाही. त्या किमतीत आणखी एखादे किट येईल, हाही विचार मनात येतोच.

पात्यांसाठी परदेशी छंदाच्या दुकानात जाण्याची गरज नाही. सर्जिकल दुकानात ३ क्रमांकाची मूठ आणि ११ क्रमांकाची पाती मिळतात. वॉटर पेपर गॅरेजला माल पुरवणाऱ्या दुकानातून, ४०० ते २००० क्रमांकांचे. बारीक कानशी आणि चिमटे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा सराफांना अवजारे विकणाऱ्यांकडे पाहावेत. पितळी फोटो-एच भाग, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले बारीक भाग, वाकवण्याचे खास यंत्र मी घेतले नाही. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये धरून वाकवता येतात, आणि गोलाई द्यायची असेल तर पितळ आधी ज्योतीवर तापवून नरम करून घ्यावे, जसे सोनार करतात. असे भाग फेविक्विकच्या जातीच्या गोंदानेच बसतात, पण काचेच्या छताजवळ तो गोंद वापरू नये, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. प्लास्टिकला प्लास्टिक जोडण्यासाठी तामियाचा हिरव्या झाकणाचा पातळ गोंद, खिडकी उघडी ठेवून. रंग फवारण्याच्या एअरब्रशचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, उमटवण्याचे दातेरी चाक मी अजून घेतलेले नाही. पाच मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके १:४८ मध्ये जेमतेम ०.१ मिमी उरते, आणि रंगाच्या दोन थरांखाली ते दिसेल की नाही याची मला शंका आहे. सध्या ‘वॉक अराउंड’ची छायाचित्रे भिंगाखाली धरून, रंग उडालेल्या कोणत्या पत्र्यांवर रिव्हेट उठून दिसतात तेवढे टिपून ठेवत आहे. ती यादी नाक आणि पंखांच्या मुळापुरतीच निघाली, तर ०.१ मिमीची कोरणी आणि सुई यांवरच काम भागवीन.