पियानोला तेल नको, कोरडी पावडर पुरे: बेळगावचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचा जुना अपराइट (उभ्या पेटीचा) पियानो बेळगावच्या कॅम्पातल्या एका घरातून आलेला. पेडल करकरायचं आणि मधल्या काही पट्ट्या दाबल्यावर रेंगाळत वर यायच्या. ज्याला विचारावं तो सांगायचा, "दोन थेंब मशीनचं तेल सोडा की!" गोव्याहून येणाऱ्या ट्यूनरनी (पियानोचे सूर लावणाऱ्यांनी) मात्र बजावलं, तेलाची बाटली याच्या जवळपाससुद्धा आणू नका.

प्रत्येक पट्टी धातूच्या दोन पिनांवर हलते आणि पिन शिरते त्या भोकाला आतून लोकरी कापडाचं अस्तर असतं. तेल त्या अस्तरात मुरतं, धूळ धरतं आणि त्याचं चिकट किटण होतं. सिलिकॉनचा स्प्रे तर अजिबात नको. तो पसरत ट्यूनिंग पिनांच्या, म्हणजे तारा ताणून धरणाऱ्या पिनांच्या, लाकडात मुरला, तर त्या पिना सैल पडतात, सूर टिकत नाही, आणि मुरलेलं सिलिकॉन काढणं जवळपास अशक्य.

म्हणून उन्हाळ्यात पट्ट्या काढून त्यांच्या खालच्या पिना कोरड्या फडक्यानं लख्ख पुसल्या आणि टेफ्लॉनची पावडर मऊ कापडानं चोळली. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या बारीक सांध्यांना प्रोटेक सीएलपी हे पियानोसाठीचं खास वंगण, सुईच्या टोकानं एकेक थेंब. ते काम ट्यूनरनीच केलं. ग्रीस फक्त पेडलच्या दांड्यांना, जिथं धातूवर धातू घासतो तिथं. पेडल तेव्हापासून गप्प आहे.

पट्ट्यांचं मात्र नीट समजून घ्या. जुलैत झड लागली आणि त्यातल्या काही पुन्हा अडकल्या. घरातला आर्द्रतामापक ८० टक्क्यांच्या वर. पियानोला ४० ते ५० टक्के मानवते. लाकूड आणि अस्तर फुगलं की पिन आवळली जाते, तिथं कुठलीच पावडर चालत नाही. ट्यूनरनी खास पकडीनं अस्तर अलगद दाबून जागा करून दिली. खोलीत डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावल्यावर खरा फरक पडला. खानापूरकडच्या पावसात राहणाऱ्यांनी तर आधी त्याचाच खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावडर खडेबाजारात मिळाली नाही, ऑनलाइन मागवली. छोटी डबी कितीतरी पुरते. लावताना ती उडते, तेव्हा नाकातोंडावर मास्क हवाच. पट्ट्या काढण्याआधी त्यांच्यावरचे १ ते ८८ आकडे बघा, पुसट असतील तर पेन्सिलीनं गिरवून घ्या.