‘डॅड्स आर्मी’चा शेवटचा भाग : आधी बघा, मग ऐका

‘डॅड्स आर्मी’ ही बीबीसीची विनोदी मालिका दुसऱ्या महायुद्धातल्या होम गार्डची, म्हणजे शत्रू उतरलाच तर लढायला उभ्या केलेल्या स्थानिक स्वयंसेवकांच्या पलटणीची. ‘नेव्हर टू ओल्ड’ हा तिचा ८०वा आणि अखेरचा भाग. बीबीसीने तो १३ नोव्हेंबर १९७७ रोजी दाखवला. याच मालिकेची रेडिओ आवृत्ती १९७४ ते १९७६ मध्ये ६७ भागांत झाली. तारखा नीट पाहिल्या तर एक अडचण लगेच लक्षात येते. रेडिओवरचं काम १९७६ च्या सप्टेंबरात आटोपलं आणि टीव्हीवरचं शेवटचं पर्व त्यानंतर वर्षाने आलं. म्हणजे मूळ नटसंचाने रेडिओसाठी केलेल्या ६७ भागांत हा शेवट नाही. संपूर्ण रेडिओ संच घेऊन त्यात ‘नेव्हर टू ओल्ड’ शोधत बसणारे बरेच असतात. तो तिथे सापडणार नाही, कारण तो तेव्हा लिहिलेलाच नव्हता.

भागाची गोष्ट अगदी साधी आहे. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या कल्पित इंग्लिश किनारी गावातला म्हातारा खाटीक, लान्स कॉर्पोरल जोन्स, अखेर मिसेस फॉक्सशी लग्न करतो. वधूपित्याच्या जागी उभं राहण्याचा मान पलटणीचा प्रमुख आणि एरवी बँक मॅनेजर असलेल्या कॅप्टन मॅनरिंगला मिळतो. मेजवानी रंगात आलेली असताना शत्रू येत असल्याची खबर येते आणि सगळ्यांना पहाऱ्यावर जावं लागतं. लग्नाच्या रात्री नवरदेव समुद्रात आत गेलेल्या पिअरच्या टोकाला, पोरगेल्या पाईकच्या सोबतीने अंधारात उभा! मग बाकीची मंडळी दोघांसाठी शॅम्पेन घेऊन तिथे पोहोचतात.

पूर्वार्ध मला थोडा ताणलेला वाटतो. मिसेस फॉक्स मॅनरिंगकडे विनंती घेऊन येते तो प्रसंग मॅनरिंग करणाऱ्या आर्थर लोच्या चेहऱ्यावर तरून जातो. कागदावर त्यात फारसं काही नाही. पलटणीतला काळाबाजारवाला वॉकर, त्याची उणीवही भासते. त्याचं काम करणारा जेम्स बेक १९७३ च्या ऑगस्टमध्ये वारला आणि लेखकद्वयाने, म्हणजे जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी, त्याच्या जागी दुसरा नट उभा केला नाही. अशा लग्नात काळ्याबाजाराची दारू आणि रेशनबाहेरचं हॅम कोण आणणार, हा प्रश्न जुन्या प्रेक्षकाला पडतोच. सार्जंट विल्सन करणारा जॉन ल मेझुरिअर या पर्वात आजारी होता आणि ते दिसतं. गालफडं बसलेली आहेत. विल्सनच्या त्या निवांत, अर्धवट झोपेतल्यासारख्या बोलण्याला मात्र धक्का लागलेला नाही.

पण पिअरवरची शेवटची काही मिनिटं विनोदी मालिकेच्या शेवटाचा नमुना म्हणून अभ्यासावीत अशी आहेत. हवाई हल्ल्यांच्या वेळचा वॉर्डन हॉजेस येऊन टोमणा मारतो : खऱ्या सैनिकांपुढे तुमचा काय निभाव लागणार, ते तुम्हाला तुडवत पुढे जातील. तो जातो. इथे घाईचा लेखक मॅनरिंगच्या तोंडी लगेच भाषण घालेल. पेरी आणि क्रॉफ्ट तसं करत नाहीत. आधी पाईक, सगळ्यांत लहान, भीतभीत विचारतो की वॉर्डन म्हणाला ते खरं नाही ना? मग जोन्स म्हणतो, माझ्यावरून तरी कोणी चालत जाणार नाही. मग स्कॉटिश फ्रेझर, नऊ पर्वं प्रत्येक गोष्टीत मरणाची चाहूल लागणारा माणूस, सांगतो की मी तुझ्या शेजारी असेन. त्यानंतर मॅनरिंग. शंका लहानाकडून मोठ्यांकडे जाते आणि धीर एकेका माणसाच्या तोंडून परत येतो. मॅनरिंग सगळ्या इंग्लंडभर पसरलेल्या आपल्यासारख्या हजारोंचा उल्लेख करतो तेव्हा फ्रेझर मध्येच स्कॉटलंडची आठवण करून देतो. भावना ओथंबायला लागली की हा एक स्कॉटिश चिमटा तिला जागेवर आणतो. तो काढला तर पुढचं सगळं सरकारी भाषण होईल. टोस्टची, म्हणजे कोणाच्या तरी सन्मानार्थ पेला उंचावण्याची, सूचना विल्सनची असते, आणि या एकदाच मॅनरिंग त्याच्याशी सहमत होतो. सगळे वळून थेट कॅमेऱ्याकडे बघतात आणि ब्रिटनच्या होम गार्डच्या नावाने पितात.

कॅमेऱ्याच्या रोखाने वळणाऱ्यांत गॉडफ्रीची भूमिका करणारा आर्नल्ड रिडली ८१ वर्षांचा होता आणि १९१६ च्या सॉमच्या लढाईत खरोखर जखमी झालेला होता. फ्रेझर करणारा जॉन लॉरी ८० वर्षांचा. उलट सगळ्यांत म्हाताऱ्या जोन्सचं काम करणारा क्लाइव्ह डन अवघा ५७ वर्षांचा. पण दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत राहून आला होता. कथेत युद्ध अजून संपलेलं नाही, हेही महत्त्वाचं. होम गार्ड १९४४ च्या डिसेंबरमध्ये कामातून मोकळं झालं; तो दिवस दाखवण्याचा मोह लेखकांनी टाळला, हे फार बरं झालं.

आता ऐकण्याबद्दल. हॅरल्ड स्नोड आणि मायकल नोल्स यांनी टीव्हीच्या संहिता रेडिओसाठी बेतल्या, आणि त्यांची पद्धत समजली की हा शेवट कानाने कितपत पोहोचेल याचा अंदाज येतो. सुरुवातीला जॉन स्नॅगचा आवाज. हा युद्धकाळातला बीबीसीचा खराखुरा निवेदक, नॉर्मंडीतल्या चढाईची बातमी ज्याने वाचली तो. त्याची दोन-चार वाक्यं ऐकली की काळ उभा राहतो. टीव्हीवर त्यासाठी गणवेश आणि वाळूची पोती लागतात. पुढे पात्रं एकमेकांना नावाने जास्त वेळा हाक मारतात, कारण सात पुरुषांच्या आवाजात कोण बोलतंय हे कळायला हवं. दार, बूट, टेलिफोन यांच्या आवाजांवर जागा बदलते.

जातं ते डोळ्यांचं काम. मॅनरिंगची वाकडी झालेली टोपी आणि घसरलेला चष्मा गेला. फ्रेझरचे वटारलेले डोळे गेले. जोन्स सावधान व्हायला नेहमी एक क्षण मागे असतो, तो विनोद मात्र उरतो, कारण उशिरा आदळलेला एकटा बूट कानालाही कळतो. यू-बोटच्या, म्हणजे जर्मन पाणबुडीच्या, कप्तानाने पाईकचं नाव विचारताच मॅनरिंग ‘सांगू नकोस, पाईक!’ असं ओरडून स्वतःच ते सांगून बसतो. हा सुप्रसिद्ध प्रसंग रेडिओवर तसूभरही कमी होत नाही, कारण तो मुळातच ऐकण्याचा आहे. मिसेस मॅनरिंग तर टीव्हीवरही कधी दिसली नाही. नवऱ्याच्या फोनवरच्या अर्ध्या संभाषणात तिचा सगळा वचक! रेडिओला जन्मलेलं पात्र आहे ते. वॉकरचं रेडिओवरचं काम बेकच्या मृत्यूनंतर आधी ग्रॅहम स्टार्क आणि मग लॅरी मार्टिन यांच्याकडे गेलं. क्रमाने ऐकताना आवाज का बदलला म्हणून गोंधळू नका.

याच फूटपट्टीने ‘नेव्हर टू ओल्ड’ मोजला तर शेवट जवळजवळ सगळा कानातून जातो. अंधार, वारा, खाली समुद्र, चार-पाच छोटी वाक्यं. अडतं फक्त कॅमेऱ्याकडे वळण्यापाशी. निवेदकाकडून ‘आता ते वळतात’ असं वदवलं की खेळ खलास. योग्य उपाय म्हणजे विल्सनच्या सूचनेनंतर दोन-तीन सेकंद नुसता समुद्र ठेवायचा, आधीचं बोलणं मायक्रोफोनपासून थोडं दूर ठेवलेलं असायचं, आणि टोस्ट सगळ्यांनी एकत्र, माइकच्या अगदी जवळ येऊन म्हणायचा. जवळ आलेला आवाज हेच रेडिओवरचं वळून बघणं. टीव्ही भागाचा नुसता ध्वनी काढून ऐकला तर नेमका हाच फरक हरवतो, शिवाय पूर्वार्धात प्रेक्षक का हसले तेही ठिकठिकाणी कळत नाही.

डेव्हिड बेन्सन आणि जॅक लेन या दोघांच्या ‘डॅड्स आर्मी रेडिओ शो’ने हा भाग रंगमंचावर रेडिओच्या थाटात केला आहे : हातात संहिता, समोर मायक्रोफोन, आणि मॅनरिंगपासून मिसेस फॉक्सपर्यंत सगळी पात्रं दोघांतच. नकलेचं कसब म्हणून हा खटाटोप थक्क करणारा आहे. मात्र शेवटच्या टोस्टचा जोर सात वेगवेगळ्या म्हाताऱ्या गळ्यांत आहे, आणि तो दोन माणसांना पेलणं अवघडच. त्यामुळे हे मूळ भाग पाठ असलेल्यांसाठी. नवख्याने इथून सुरुवात करू नये.

नवख्याने टीव्हीवरचं निदान तिसरं पर्व आधी बघावं, त्यातला ‘मेनेस फ्रॉम द डीप’ चुकवू नये. पलटण पिअरच्या टोकाला उपाशी अडकते तो हा भाग, आणि शेवटच्या भागातलं पिअर त्यामुळे ओळखीचं वाटतं. मग रेडिओचे भाग, पहिल्या पर्वापासून, शक्यतो हेडफोनशिवाय. ध्वनिमुद्रण प्रेक्षकांसमोरचं आहे आणि हेडफोनमध्ये हशा अंगावर येतो. ‘नेव्हर टू ओल्ड’ त्यानंतर. एवढं झाल्यावर स्नोड आणि नोल्स यांचीच ‘इट स्टिक्स आउट हाफ अ माइल’ ही रेडिओ मालिका घ्यावी. काळ १९४८, विषय पुन्हा पिअरच : मोडकळीला आलेलं एक पिअर विकत घेऊन चालवायचा उद्योग. पथदर्शी भाग १९८१ मध्ये आर्थर लोला घेऊन केला होता. १९८२ मध्ये तो गेला आणि विल्सन, पाईक, हॉजेस यांना धरून १३ भाग नव्याने बेतले गेले. पथदर्शी भाग आधी ऐकावा. मॅनरिंग कर्ज मागायला बँकेत जातो आणि समोर मॅनेजरच्या खुर्चीत, एके काळी बँकेत त्याच्याच हाताखाली असलेला विल्सन असतो. उरलेल्या १३ भागांत याच्या तोडीचा प्रसंग नाही.