‘४००’ लो-लॉस केबल रिपीटरवर: एका पावसाळ्यानंतर

रिपीटर म्हणजे हॅम रेडिओचं असं स्टेशन, जे एका फ्रिक्वेन्सीवर अशक्त सिग्नल ऐकतं आणि त्याच वेळी दुसरीवर जोरात परत पाठवतं. ‘४००’ ही त्याला अँटेनाशी जोडणारी कोअ‍ॅक्स केबल, तिची स्पेसिफिकेशन हॅम मंडळींना पाठ आहेत. फोमवर ॲल्युमिनियमची फॉइल, फॉइलवर टिन केलेल्या तांब्याची जाळी, १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण ५ डीबी (डेसिबल) लॉस. गच्चीवरच्या मास्टपासून खालच्या खोलीपर्यंत ३० मीटर धरले तर दीड डीबी जातो. तेवढ्याच लांबीला आरजी-२१३ ही नेहमीची केबल अडीचच्या वर खाते. कागदावर सौदा फायद्याचा, म्हणून मेमध्ये नाशिकच्या २ मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) रिपीटरला हीच चढवली. बाकी सेटअप नेहमीचा: ६०० किलोहर्ट्झ शिफ्ट (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), सहा कॅव्हिटीचा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हरला वेगळं ठेवणारा फिल्टर), २५ वॅट, वर फायबरग्लासची कोलिनियर अँटेना.

वारा-पाऊस सुरू होईपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. मग सिन्नरकडून हँडीवर (हातातल्या रेडिओवर) येणारी स्टेशनं फडफडायला लागली. स्टेशन येतं, रिपीटर उघडतो, ट्रान्समीटर चढताच तेच स्टेशन रिसीव्हरला ऐकू येईनासं होतं. टोन (रिपीटर उघडा ठेवणारा सूर) सुटतो, टेल (त्यानंतरचा थोडा वेळ) संपून ट्रान्समीटर पडतो, आणि तो पडला रे पडला की स्टेशन पुन्हा हजर. हे चक्र चालूच. गंगापूर रोडवरून बोलणारा मात्र खणखणीत येतो, त्यामुळे शहरातली निम्मी मंडळी “रिपीटर तर मस्त चाललाय” म्हणून मोकळी होतात.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: “व्हीएसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप) किती? १.२? मग केबल ओके.” वॉरंटीचा विषय तिथेच संपला. वैताग याचाच आहे, कारण या दोषाबद्दल व्हीएसडब्ल्यूआर काहीच सांगत नाही. नॅनोव्हीएनए हे केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्रसुद्धा सांगणार नाही, ते मिलिवॉटहूनही कमी पॉवरवर मोजतं. हिशोब बघा. २५ वॅट म्हणजे +४४ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी). रिसीव्हर ऐकतो ०.२ मायक्रोव्होल्ट, म्हणजे −१२१ डीबीएम. मधलं अंतर १६५ डीबी. फॉइल आणि जाळी हे दोन वेगळे धातू एकमेकांना नुसते टेकलेले असतात, जोडलेले नसतात. केबल वाऱ्याने हलली, आत दमटपणा शिरला, की तो स्पर्श कुरकुरतो आणि ट्रान्समीटरच्या करंटवर चालून रुंद पट्ट्याची खरखर तयार करतो. पॉवरच्या मानाने ती नगण्य असते, पण तिचा काही भाग नेमका इनपुट फ्रिक्वेन्सीवर पडतो. शिवाय ती डुप्लेक्सरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला जन्मते. डुप्लेक्सरला ती बाहेरून आलेल्या सिग्नलसारखीच दिसते, तो तिला सरळ रिसीव्हरकडे जाऊ देतो. कॅव्हिटी कितीही ट्यून करा, फरक पडत नाही.

म्हणून डुप्लेक्सरच्या स्क्रूला हात लावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टवर चांगला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर गिळणारा रेझिस्टर) लावा, रिसीव्हरमध्ये कपलरमधून जेमतेम ऐकू येईल इतका सिग्नल सोडा, ट्रान्समीटर चालू-बंद करा. सिग्नल तसाच राहिला तर डुप्लेक्सर आणि रेडिओ निर्दोष. मग डमी लोड केबलच्या वरच्या टोकाला न्या आणि ट्रान्समीटर चालू ठेवून कोणाला तरी केबल हलवायला सांगा. इथे खरखर आली तर केबल किंवा तिचे कनेक्टर. नाही आली तर अँटेना किंवा मास्ट. आमच्याकडे केबल हलवताच रिसीव्हर बहिरा झाला, एन कनेक्टर नवे लावूनही.

दिवाळीनंतरची भर: केबल बदलली, फडफड गेली, पण जोराच्या वाऱ्यात थोडी खरखर उरली. ती केबलच्या माथी मारता येणार नाही. मास्टचे गंजलेले यू-बोल्ट आणि शेजारी सैल लटकणारी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार हे तिचं मूळ होतं. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो. स्टेनलेसचे क्लॅम्प घातले, तार काढली, आवाज बंद. म्हणजे केबलवरचा सगळा राग योग्य नव्हता, पण बराचसा योग्यच होता.

तिच्या जागी काय? अर्धा इंची कोरुगेटेड तांब्याची हार्डलाइन, म्हणजे जाळीऐवजी तांब्याच्या सलग नळीचं शील्ड असलेली केबल. ३० मीटरला लॉस साधारण ०.८ डीबी. ते ०.७ डीबी वाचतात ते कोणाच्या कानाला कळणार नाहीत, पैसे मोजायचे ते सलग शील्डसाठी. नवी घेतली तर खिशाला झळ बसते. मोबाइल टॉवरच्या कामातून उरलेले तुकडे भंगारात किलोच्या भावात मिळतात, तांब्याचा दर मोजून घ्या पण घ्या. घेताना पिचलेला भाग शोधा, टोकाला तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत दिसेपर्यंत कापत जा, आणि १२५ मिलिमीटरपेक्षा आखूड त्रिज्येत वाकवू नका. जोड असलेला तुकडा फुकट मिळाला तरी नको.

डुप्लेक्सर ते रेडिओ जंपरही (जोडणारे केबलचे छोटे तुकडे) फॉइलवाले नकोत, दुहेरी चांदी-मुलाम्याच्या जाळीची आरजी-२१४ किंवा आरजी-४०० घाला. बाहेरच्या कनेक्टरवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, वरून पीव्हीसी टेप, शेवटचा थर खालून वर, म्हणजे पाणी कौलावरून ओघळावं तसं ओघळतं. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, त्यापासून लांब राहा. कोलिनियरच्या तळाची ड्रेन होल मात्र टेपने बुजवू नका.

हे आत्ता लिहायचं कारण सिंहस्थ. २०१५ प्रमाणे २०२७ मध्येही मुख्य स्नानं पावसाळ्यातच आहेत, म्हणजे या केबलला जे नेमकं झेपत नाही तेच हवामान. त्र्यंबककडे डोंगरामुळे हँडीचा सिग्नल आधीच अशक्त असतो, तिथे फडफड परवडणार नाही. नवा रिपीटर उभा करणाऱ्यांनी बजेटमध्ये हार्डलाइन आधी लिहावी, अँटेनाचा गेन नंतर.

रिपीटरसाठी ५ पैकी १. काढलेली ३० मीटर आता घरच्या बेस स्टेशनवर आहे. तिथे एका वेळी एक तर ट्रान्समिट नाही तर रिसीव्ह, आणि त्या कामाला ५ पैकी ४.