सीएनसीवर कोरलेला तान्ह्या पोळ्याचा नंदी: घेताना काय पाहावं

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांनी लाकडी नंदी मिरवायचा विदर्भातला सण, नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात. लेकरांचे नंदी आजवर गावचा वाढई (सुतार) वाकस-पटाशीनं घडवायचा. आता दरवाजे आणि देव्हारे कोरणारी तालुक्याच्या गावांतली सीएनसी राउटरची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव मशीनची, दुकानंही जिवतीनंतर (आषाढी अमावस्येनंतर) नंदी करून देतात. हे परीक्षण त्याच नंदीचं: फूटभर लांब, फूटभर उंच, चाकाच्या पाटीवर उभा, सागवानाचा नाहीतर शिवणीचा.

निकाल आधीच सांगतो. मशीन चांगलं कोरते. नंदी फसतो तो मशीनच्या आधीच्या आणि नंतरच्या कामात, म्हणजे बैलाचं चित्र कुठून आणलं आणि कोरून झाल्यावर त्यावर हात कोणी फिरवला यात.

बहुतेक दुकानांत इंटरनेटवरून उतरवलेली थ्रीडी फाइल असते. तो बैल एकतर देवळातल्या बसलेल्या नंदीला ओढूनताणून उभा केलेला असतो, नाहीतर ‘ब्राह्मन’ या अमेरिकी गोवंशाचा, गळ्याची पोळी पार गुडघ्यापर्यंत लोंबणारा. आपल्याकडचा, विदर्भातला गवळाऊ बैल तसा नाही. त्याचं तोंड लांबट आणि अरुंद, कपाळ वरच्या अंगाला मागे झुकलेलं, डोळे बदामी, शिंगं आखूड आणि बोथट. लेकरू ज्या बैलाच्या दावणीजवळ वाढलं त्याच्यासारखा नंदी त्याच्या हाती पडावा, ही अपेक्षा काही जास्त नाही. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. ‘फाइल कोणाची?’ हे विचारा.

घरात आजोबांच्या वेळचा हातघडीचा नंदी असेल तर त्याचीच फाइल करता येते. मोबाइलवर ७०–१०० फोटो लागतात. नंदी सावलीत ठेवायचा आणि त्याच्याभोवती तीन फेऱ्यांत फोटो घ्यायचे: एक डोळ्याच्या पातळीवर, एक वरून, एक खालून. शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखा दिसला पाहिजे. पॉलिश चमकत असेल तर सॉफ्टवेअर गोंधळतं आणि पाठीवर खड्डे पाडतं. त्यावर उपाय म्हणजे टाल्कम पावडरचा पातळ हात. मापासाठी बाजूला पट्टी ठेवायची. पोटाखाली आणि पायांच्या मधे थ्रीडी आकाराची जाळी फाटतेच. ती ब्लेंडरसारख्या फुकट सॉफ्टवेअरात बुजवून घ्यावी लागते. हे काम करून देणारा पोरगा ज्या दुकानात आहे तिथे दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)च्या तान्ह्या पोळ्यात मोठमोठे लाकडी नंदी निघतात. त्यांच्या मानेचा बाक आणि वशिंडाचा तोल पाहिलेल्या माणसाला उतरवलेली फाइल लगेच ओळखू येते.

कोरण्याच्या दोन पद्धती आहेत. स्वस्त ती जोडाची. नंदी उभा मधोमध कापल्यासारखे दोन अर्धे भाग आडवे ठेवून कोरतात आणि मग चिकटवतात. तीन अक्षांच्या राउटरचा बिट, म्हणजे कोरायचं पातं, फक्त वरून उतरतो, त्यामुळे पायांच्या आतली बाजू त्याला लागतच नाही. अर्धा भाग उलटवून आतून कोरला नाही तर डावा आणि उजवा पाय मिळून एकच फळी राहते. नंदी समोरून पाहा. पुढच्या दोन पायांमधून पलीकडचं दिसत नसेल तर दुकानदारानं अर्धं काम वाचवलं आहे. दुसरी पद्धत चौथ्या अक्षाची, म्हणजे ठोकळा फिरता ठेवून कोरण्याची. यात पोट आणि पाय मोकळे होतात, कपाळावर जोड येत नाही. नाक आणि शेपटीकडचे धरलेले गट्टू मात्र हातानंच कापावे लागतात. कानामागची खोबण दोन्ही पद्धतींत नीट येत नाही. कान आणि शिंगं वेगळी करून ६ किंवा ८ मिलिमीटरच्या लाकडी खुंटीवर बसवलेली बरी.

वेळेचा हिशेब समजला की भाव करणं सोपं जातं. एक बाजू ३००×३०० मिलिमीटर धरा. शेवटचा हात ३ मिलिमीटरच्या गोल टोकाच्या बिटनं, दोन ओळींत ०.३ मिलिमीटर अंतर ठेवून मारला तर १,००० ओळी होतात, म्हणजे बिट ३०० मीटर चालतो. मिनिटाला अडीच मीटरच्या वेगानं एका बाजूला २ तास, दोन्हींना ४. अंतर ०.६ केलं की वेळ निम्मा होतो, पण ओळींमधले उंचवटे चौपट होतात. घाईच्या दिवसांत हेच चालतं. अंगावर बोट फिरवलं की शेतातल्या तासांसारखं लागतं आणि ते लपवायला पुट्टी भरतात.

म्हणून रंगवलेला नंदी घेऊ नका, कोरा पाहा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाठीवरून हळूहळू न्या. अंगावर आडवी पायरी दिसली तर समजा मधे लाइट गेली होती. आपल्याकडे पावसात फीडर ट्रिप होणं नवीन नाही. लाइट आल्यावर मशीनला पुन्हा शून्यावर न नेता काम पुढे रेटलं की अर्धा मिलिमीटरची चूक कायमची राहते. नुसत्या कॉम्प्युटरला यूपीएस असून भागत नाही. बिट फिरवणारा स्पिंडल थांबतो आणि लाकडात रुतलेला बिट मोडू शकतो. तपकिरी, जळके पट्टे दिसले तर बिट बोथट आहे. सागवानातली सिलिका बिटची धार लवकर खाते. शिवण मऊ, हलकी आणि कोरायला सरळ. लेकराला ओढायला शिवणीचाच नंदी बरा, फक्त बोथट बिटनं तिच्यावर लव उठते.

लाकडाच्या बाबतीत दोन गोष्टींवर अडून बसा. एक, ओल. १२ टक्क्यांच्या आसपास असावी. मीटर दुकानात नसेल तर लाकूड कधी चिरलं ते विचारा. श्रावणात ओल्या लाकडाचा जोड छान दिसतो आणि मे महिन्याच्या उन्हात तोच कपाळापासून शेपटीपर्यंत उकलतो. दोन्ही भाग एकाच फळीतले हवेत, आणि चिकटवल्यावर शिकंजात रात्रभर राहिलेले. दुसरी गोष्ट रेषांची दिशा. रेषा अंगाच्या लांबीनं आडव्या असतील तर पाय खुराच्या वर कडकन मोडतात. उभ्या रेषा हव्यात. त्यासाठी तीनचार फळ्या जोडून ठोकळा करावा लागतो, म्हणून बरीच दुकानं ते टाळतात.

आता हाताचं काम. ३ मिलिमीटरच्या बिटला त्याहून अरुंद खोल खाच करताच येत नाही. डोळ्याची वरची पापणी, नाकपुडी, खुराची फट, तिन्ही जागा गोलसर, झोपाळू निघतात. डोळा तर नुसता फुगवटा असतो, खाली-वर सारखाच. जाणता वाढई बारीक पटाशीनं वरच्या पापणीची एक खोल रेघ मारतो, आतला कोपरा नाकाकडे किंचित खाली ओढतो, आणि तोच ठोकळा बघायला लागतो. हे काम मोठं नाही, पण मशीनचे चार तास एकीकडे आणि ती रेघ एकीकडे. ज्या दुकानदारानं असा वाढई सोबत ठेवला आहे, त्याच्याकडेच जा. मग १२०, १८०, २२० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमानं.

पाटी आणि चाकं दुकानदार सहसा घाईत उरकतो. पाटी १८ मिलिमीटर जाडीची, नंदीपेक्षा दोन्हीकडून दोन बोटं लांब. चाकं किमान ३ इंची, नाहीतर गल्लीतल्या गिट्टीत अडतात. पाटीखालून खुरात स्क्रू मारण्याआधी ३ मिलिमीटरचं भोक पाडलं नाही तर खूर चिरतो. दोरीचा हूक पाटीच्या समोर, खाली हवा. मानेला दोरी बांधून ओढलं की बोजारा (नंदी दाखवून घरोघरी मिळणारी ओवाळणी) मागत फिरताना पहिल्याच उंबरठ्यापाशी नंदी तोंडावर पडतो.

वशिंडापासून खुरापर्यंत एकाच लाकडाचा, कान-शिंगांसकट अखंड नंदी हवा असेल तर सीएनसीचा नाद सोडा आणि वाढयाकडे जा. तो मशीनचा प्रांत नाही. रोजच्या खेळण्यातला हवा असेल, किंवा चार भावंडांना चार सारखे हवे असतील तर फिरत्या अक्षावरचा, हातानं डोळे काढलेला नंदी घ्या. ऑर्डर जिवतीच्या आधी द्या, म्हणजे महिना हाती राहतो. निम्मे पैसे आगाऊ, आणि उरलेले कोरा नंदी पायांमधून आरपार पाहिल्यावरच.