बजाज फ्रीडम १२५: सीएनजी मोटारसायकल कोणाला परवडते, कोणाला नाही

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात नितीन गडकरींच्या हस्ते फ्रीडम १२५ बाजारात आली, तेव्हा तिचे तीन आकडे सगळीकडे फिरले. किलोला १०२ किलोमीटर, दोन्ही इंधने भरलेली असताना ३३० किलोमीटरचा पल्ला आणि एक्स-शोरूम किंमत ९५ हजारांपासून. पहिले दोन आकडे कंपनीचे दावे आहेत. गाडी घ्यायची की नाही हे मात्र तिसऱ्या आकड्यावर ठरते, आणि तो तेव्हापासून बराच हलला आहे.

सुरुवातीला ड्रम ब्रेकचे साधे मॉडेल ९५ हजार, ड्रम एलईडी १ लाख ५ हजार आणि डिस्क एलईडी १ लाख १० हजार असे भाव होते. डिसेंबर २०२४ मध्ये साधे मॉडेल ५ हजारांनी उतरून ९० हजारांवर आले आणि ड्रम एलईडी १० हजारांनी उतरून ९५ हजारांवर. डिस्कचा भाव तेव्हा जागचा हलला नाही. ही कपात व्हायलाच हवी होती. सिलिंडर, गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, दुहेरी इंधनप्रणाली आणि सिलिंडरला कवेत घेणारी जाळीदार ट्रेलिस फ्रेम हा सगळा खर्च साध्या १२५ सीसी गाडीत नसतो, त्यामुळे फ्रीडम महाग असणार हे उघड आहे. पण हॅलोजन दिवा आणि पुढेही ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला ९५ हजार मोजले, तर गॅसवर वाचणाऱ्या पैशांची पहिली काही वर्षे किमतीतला फरक भरण्यातच जातात.

दुसरा बदल २२ सप्टेंबर २०२५ चा. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्या तारखेच्या आधीची एक्स-शोरूम किंमत हाताशी असेल तर तिला १२८ ने भागा आणि ११८ ने गुणा. ९० हजारांची गाडी साधारण ८३ हजारांवर यायला हवी. कोटेशन त्याहून वर असेल तर मधल्या काळात कंपनीने मूळ किंमत वाढवली का, की शोरूमने काही मिसळले, हे विचारता येते. कर सगळ्याच १२५ सीसी गाड्यांवर उतरल्यामुळे फ्रीडम आणि पेट्रोलच्या गाडीतले अंतरही त्याच प्रमाणात आकसले. पूर्वी १५ हजारांचा फरक असेल तर तो आता १३,८०० च्या आसपास भरतो.

आता रोजचा हिशेब. सीएनजी ९० रुपये किलो आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. आपल्या गावचे दर वेगळे असतील तर तेवढे दोन आकडे बदलावेत. कंपनीचा १०२ चा दावा धरून बसू नये. शहरातले सिग्नल, मागे बसलेला माणूस आणि चाकातली कमी-जास्त हवा धरता ८५ वर हिशेब केलेला बरा. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ६ पैसे. चांगली सांभाळलेली पेट्रोलची १२५ सीसी गाडी लिटरला ६० देते असे मानले, तर तिला १ रुपया ७३ पैसे लागतात. किलोमीटरमागे बचत ६७ पैसे.

रोज ४० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालत असेल तर १२ हजार किलोमीटर होतात आणि सुमारे ८ हजार रुपये वाचतात. दोन कोटेशनमध्ये १५ हजारांचा फरक असला तरी तो दोन वर्षांच्या आत भरून निघतो. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात दुचाकीने ये-जा करणारा, दिवसभर पार्सल पोहोचवणारा, औषधांच्या दुकानांत फिरणारा विक्री प्रतिनिधी, यांच्यासाठी ही गाडी खरोखर पैसे वाचवते. उलट घर ते ऑफिस आणि भाजी मंडई मिळून रोज १२ किलोमीटरच होत असतील, तर वर्षाकाठी २,४०० रुपये सुटतात आणि फरक भरायला सहा वर्षे लागतात. एवढ्यासाठी जड गाडी आणि पंपावरची रांग का सोसायची? अशा ग्राहकाने साधी पेट्रोलचीच १२५ घ्यावी.

पंपाबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण या गाडीचे सुखदुःख तिथेच ठरते. टाकीत २ किलो गॅस मावतो, पण तो २०० बारच्या दाबाला. पंपावर दाब १५० बारच मिळत असेल तर दीड किलोच्या आसपासच गॅस शिरतो, म्हणजे १७० किलोमीटरऐवजी १२५ ते १३०. सगळे पंप सारखे नसतात. काही थेट गॅसवाहिनीला जोडलेले असतात, तिथे दाब बऱ्यापैकी टिकतो. काही पंपांवर ट्रकमधून सिलिंडरांचे कॅस्केड येते. ते रिकामे होत आले की दाब उतरतो आणि पुढचा ट्रक येईपर्यंत अर्धवट भरणा होतो. रस्त्यावरचा पंप वाहिनीचा आहे की कॅस्केडचा, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारावे. गाडी बुक करण्याआधी ही चौकशी करणे शोरूमच्या टेस्ट राइडइतकेच महत्त्वाचे आहे. झपाट्याने भरताना गॅस तापतो आणि तापलेला गॅस कमी मावतो, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी भरण्यापेक्षा सकाळी लवकर भरावा. त्या वेळी रिक्षांची रांगही सहसा लहान असते.

वेळेचाही हिशेब धरा. वर्षाला १२ हजार किलोमीटर म्हणजे ७० वेळा गॅस भरणे. दर वेळी १५ मिनिटे गेली तर वर्षाचे साडेसतरा तास झाले. पंप जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल तर हे चालते. आडवाटेला असेल तर महिन्याभरात माणूस कंटाळतो आणि पेट्रोलवर फिरू लागतो. पेट्रोलची टाकी फक्त २ लिटरची आहे. तेवढ्यावर फार तर १२० ते १३० किलोमीटर होतात, तेही सीएनजीचे सगळे वजन अंगावर घेऊन. ज्या तालुक्यात अजून सीएनजी पोहोचला नाही तिथे ही गाडी घेण्यात अर्थ नाही. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नाशिक इथे अडचण नाही. कोकणात आणि मराठवाड्यात मात्र आपल्या नेमक्या रस्त्यावर पंप आहे का ते पाहूनच ठरवावे.

गाडीची घडण मनापासून आवडण्यासारखी आहे. सिलिंडर सीटखाली, फ्रेमच्या आत बसवला आहे आणि त्याला जागा मिळावी म्हणून इंजिन आडवे झोपवले आहे. पेट्रोल आणि गॅस दोन्ही भरण्याची तोंडे टाकीवरच्या एकाच झाकणाखाली येतात. डाव्या हाताच्या बटणाने चालत्या गाडीत इंधन बदलता येते. सीट ७८५ मिलिमीटर लांब आहे, नवरा-बायको आणि मध्ये लहान मूल अशी बैठक डोळ्यांसमोर ठेवल्यासारखी. मागे लिंक असलेला मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअब्सॉर्बर आहे, या वर्गात सहसा न दिसणारा. पण सीटची उंची ८२५ मिलिमीटर आहे. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाने सिग्नलला दोन्ही पाय टेकतात का हे बसून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. वजन १४९ किलो, म्हणजे होंडा शाइनपेक्षा ३५ किलोच्या आसपास जास्त. चालताना ते जाणवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे ढकलताना आणि मधल्या स्टँडवर चढवताना मात्र चांगलेच जाणवते.

ताकद ९.५ पीएस आणि टॉर्क ९.७ न्यूटन-मीटर, गिअर पाच. कंपनीच्या सांगण्यानुसार कमाल वेग गॅसवर ताशी ९०.५ आणि पेट्रोलवर ९३.४ किलोमीटर. हा फरक नगण्य आहे. शाइनची ताकद साडेदहा पीएसच्या पुढे आणि अंग हलके, म्हणून कात्रज किंवा खंबाटकीच्या घाटात दोन माणसे घेऊन चढताना फ्रीडमला एक गिअर आधीच खाली आणावा लागतो. ओव्हरटेक करण्याआधी समोर मोकळी जागा जास्त हवी. घाईच्या चालकाला ही गाडी मानवणार नाही.

तीन मॉडेलांमधून निवडायचे तर मधले ड्रम एलईडी घ्यावे. डिसेंबर २०२४ च्या कपातीनंतर साध्या मॉडेलपासून ते ५ हजारांच्या अंतरावर आले होते आणि पहाटे किंवा रात्री शिफ्ट असणाऱ्याला एलईडी दिव्याचा उजेड तेवढ्या पैशांचा नक्की आहे. मात्र रोजचा रस्ता हायवेचा असेल तर डिस्कच घ्या. १४९ किलोची गाडी, वर दोन माणसे आणि ताशी ७० चा वेग असताना पुढे २४० मिलिमीटरची डिस्क हवी, मग पैसे वसूल व्हायला पावणेदोन-दोन वर्षे जास्त लागली तरी चालेल.

देखभालीत पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन गोष्टी वेगळ्या आहेत. सीएनजी कोरडे इंधन आहे, वाल्व्हच्या बैठकीला त्याच्यापासून थंडावा मिळत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला टॅपेट, म्हणजे वाल्व्हची फट, तपासून घ्यायला सांगा. गॅस पेटायला ठिणगी जोरकस लागते. प्लग झिजला की गॅसवर गाडी अडखळते आणि पेट्रोलवर ठीक चालते. अशा वेळी रेग्युलेटरवर संशय घेण्याआधी प्लग बदलून पाहावा आणि एअर फिल्टर स्वच्छ करावा. तिसरे म्हणजे पंपाच्या कॉम्प्रेसरमधले तेल गॅसबरोबर थोडे थोडे येत राहते आणि गॅस फिल्टरमध्ये साचते, तोही वेळेवर बदलायला हवा. इंजिन ऑइल मात्र गॅसवर जास्त काळ स्वच्छ राहते. दर आठवड्याला पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर टाकीतले पेट्रोल जुने होऊन इंजेक्टर चिकटतो आणि गॅस संपल्यावर नेमकी तेव्हाच गाडी चालू होत नाही.

सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते. तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो. त्या चाचणीत सिलिंडर काढून पुन्हा बसवण्याची मजुरी किती, हे शोरूमकडून आजच विचारून घ्या आणि हिशेबात धरा. गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर तो वर निघून जातो, जमिनीलगत साचत नाही. तरीही वास आला तर आधी गाडी मोकळ्या जागेत आणा, इंधन पेट्रोलवर न वळवता सरळ बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला बोलवा. जोडावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे कुठून येतात ते दिसते. नट स्वतः आवळायच्या फंदात पडू नये, आणि कॅरिअर किंवा गार्ड बसवायला फ्रेमवर वेल्डिंग तर अजिबात करू नये.

कोटेशन हातात आल्यावर एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा या चार ओळी वेगवेगळ्या लिहून मागा. विम्यात पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग सक्तीचा आहे. ७५ ते १५० सीसीसाठी २०२२ च्या दरपत्रकानुसार तो ३,८५१ रुपये अधिक जीएसटी एवढा होतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग शोरूमबाहेरूनही घेता येतो आणि तिथे बऱ्याचदा स्वस्त पडतो. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. गाडी ताब्यात घेताना सिलिंडरवरची चाचणीची तारीख वाचा, ती गाडीच्या कागदांशी जुळते का पाहा, आणि शोरूमच्या माणसासमोरच एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर गाडी चालू करून बघा.